टावर चौकातून सांगते, हे वाचा!

थांबा! घाईत असलात तरी थांबा! मला काहीतरी सापडलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घरी जाववत नाही! उज्जैनच्या फ्रीगंजात आमच्या टावर चौकात संध्याकाळी केवढी गर्दी असते, कचोरीच्या गाड्या, भुट्ट्याचा कीस, कुल्फी, गाड्यांचे हॉर्न, आणि या सगळ्याच्या मधोमध मी पिशवीत पुस्तकं घेऊन उभी आहे. ओळखीचं कुणी दिसलं की हात धरून विचारते, "अहो, तुम्ही हमीद दलवाई वाचलेत का? कुरुंदकर वाचलेत का?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांना ही नावं जुनीच असतील. असू देत! मला नवी आहेत! आमचं शिक्षण हिंदीतून झालं, मराठी उरलं ते घरात बोलायला, गणपतीत आरत्या म्हणायला आणि पत्रिका छापायला. मराठीत एवढी निर्भय, एवढी थेट पुस्तकं पडून आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी अभ्यासक नाही. इतिहासाची पदवी नाही, अरबी-फारसी येत नाही, संस्कृत म्हणाल तर स्तोत्रांपुरतं. महाकालाला नेमाने जाणारी एक साधी बाई आहे मी. पण धर्मवेडाबद्दल वाचता वाचता माझ्या स्वतःच्या श्रद्धेत काय काय हललं ते मला सांगायलाच हवं. ऐका!

सुरुवात भावजींनी केली. एक पुस्तक हातात ठेवून म्हणाले, "वहिनी, हे वाचा. त्यांच्याच माणसाने त्यांचं सगळं बाहेर काढलंय." भावजींचा हेतू सरळ होता: पुढच्या वेळी कुणाशी वाद झाला की वहिनींच्या हातात दारूगोळा हवा! मीही त्याच इराद्याने उघडलं, खरं तेच सांगते. आणि पहिली काही पानं वाचताना माझी मान सारखी डोलत होती, हो, हो, अगदी बरोबर, हेच तर आम्ही म्हणतो!

कोण होता हा माणूस? हमीद दलवाई! चिपळूणजवळच्या मिरजोळीचा! १९३२ चा जन्म! राष्ट्र सेवा दलात वाढलेला, मराठीत कथा लिहिणारा, 'इंधन' नावाची कादंबरी लिहिणारा, तिच्यात कोकणातलं एक गाव माणसामाणसांतल्या जुन्या रागातून हळूहळू कसं पेटत जातं ते दाखवणारा. आणि मग कथा-कादंबऱ्यांवर हा थांबत नाही, आणि मग १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा निघतो, तोंडी तलाक बंद करा म्हणून, आणि त्या मोर्चात किती बायका असाव्यात? सात! फक्त सात मुसलमान बायका! मी ते वाक्य परत वाचलं. सात! आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला याहून जास्त बायका येतात! आणि त्या सातजणी रस्त्यावरून चालत गेल्या, लोक बघत होते, घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल हे त्यांना माहीत होतं, आणि तरी चालत गेल्या!

आणि मग २२ मार्च १९७० ला पुण्यात या माणसाने मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव बघा! सत्यशोधक! जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये त्याच पुण्यात काढलेल्या सत्यशोधक समाजाचं नाव! एका मुसलमान सुधारकाला आपला पूर्वज कोण वाटला, तर फुले! मला हे इतकं आवडलं की मी उठून यांना झोपेतून हलवलं. हे म्हणाले, "सकाळी सांग." पण सकाळपर्यंत थांबवतं का!

तर मी मान डोलवत होते. आणि मग पुस्तक वळलं!

दलवाई मुसलमानांच्या धर्मवेडावर बोलतात, मुल्लामौलवींवर बोलतात, फाळणीच्या राजकारणावर बोलतात, काहीही झाकत नाहीत. पण त्याच दमात ते हिंदूंना सांगतात की तुमच्यात राममोहन रॉयपासून फुले, आगरकरांपर्यंत स्वतःच्या समाजाला प्रश्न विचारणाऱ्यांची एक रांग उभी राहिली, ती तुमची खरी कमाई आहे. ती टाकून देऊन तुम्ही पोथीकडे आणि गोठ्याकडे परत वळलात, तर मुसलमानांतल्या सुधारकाला टेकायला भिंतच उरणार नाही, आणि दोन्हीकडचे कट्टर लोक एकमेकांवर पोसले जातील! म्हणजे हे पुस्तक जितकं 'त्यांच्या'बद्दल होतं तितकंच माझ्याबद्दल होतं! भावजींनी बहुतेक पहिला अर्धाच भाग वाचला असावा!

माझी मान डोलायची थांबली. मी पुस्तक पालथं ठेवलं, भाजी निवडली, परत उचललं.

आणि मग मला आठवली शाहबानो! इंदूरची! आमच्यापासून तास-दीड तासावरच्या इंदूरची! दिल्ली-लखनौची गोष्ट नाही ही, आपल्या शेजारची आहे! साठी ओलांडलेली बाई, नवरा वकील, तिने १९७८ मध्ये पोटगीसाठी कोर्टात धाव घेतली, आणि त्याच वर्षी त्याने तलाक दिला. आकडे ऐका! आधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिले महिन्याला २५ रुपये. मग मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते वाढवून केले १७९ रुपये २० पैसे. वीस पैसे! त्या वीस पैशांवरून माझं मन हटतच नाही. एवढ्याशा रकमेसाठी वकील नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २३ एप्रिल १९८५ ला निकाल लागला बाईच्या बाजूने, आणि निकाल दिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने. आणि मग केवढं वादळ! आणि मग त्या म्हाताऱ्या बाईवर एवढा दबाव आला की तिने स्वतःच जिंकलेला निकाल जाहीरपणे नाकारला! आणि मग १९८६ मध्ये सरकारने कायदाच बदलला. आणि त्याच १९८६ च्या फेब्रुवारीत अयोध्येतल्या वादग्रस्त वास्तूचं कुलूप उघडलं. एकाच वर्षात, एकामागून एक, दोन्ही बाजूंच्या कट्टरांना काही ना काही मिळालं. शाहबानोला काय मिळालं?

दलवाई तेव्हा नव्हते. ३ मे १९७७ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. पण त्या सातजणींनी १९६६ मध्ये जे मागितलं, त्यातली एकदम तीनदा तलाक म्हणून बायकोला घराबाहेर काढण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला मोडीत काढली. ५१ वर्षांनी! त्या सातजणींपैकी कुणी तो दिवस बघायला होत्या का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कुरुंदकर! थांबा, जाऊ नका, खरी गंमत इथे आहे!

नरहर कुरुंदकर. दलवाईंच्याच वर्षी, १९३२ मध्ये जन्मलेले. नांदापूर हे त्यांचं गाव, पुढे आयुष्य नांदेडात. म्हणजे हैदराबादच्या निजामाचं राज्य! म्हणजे त्यांनी निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार पुस्तकात वाचले नव्हते, पाहिले होते! लातूरला वकिली करणारा कासीम रझवी त्यांचा म्होरक्या, गावंच्या गावं दहशतीत, लोक घरदार सोडून पळालेले. कुरुंदकर विद्यार्थीवयातच मुक्तिलढ्यात उतरले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचं सैन्य हैदराबादेत शिरलं आणि ते राज्य संपलं.

मी म्हटलं, आता हा माणूस चिडून लिहिणार! ज्याने डोळ्यांनी रझाकार पाहिले त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षा ठेवायची? आणि मी त्यांचं 'शिवरात्र' उघडलं आणि बघत राहिले! मुस्लिम राजकारणावर तो माणूस स्पष्ट लिहितो, एक शब्द मऊ करत नाही. आणि त्याच संग्रहात गांधीहत्येवर लिहितो, गोळवलकर गुरुजींवर लिहितो, आणि तिथेही एक शब्द मऊ करत नाही! मोजमाप एकच! तेच माप उचलून इकडे लावलं, तेच तिकडे! असं कुणी करतं? मी आजवर जेवढी चर्चा ऐकली, घरात, लग्नात, रेल्वेच्या डब्यात, तिच्यात प्रत्येकाकडे दोन मापं असतात. स्वतःच्या माणसाने केलं की 'तसं का झालं ते समजून घ्या', आणि दुसऱ्याने केलं की 'ते असेच!'

आणि मग रझाकारांबद्दल आणखी शोधताना मला शोएबुल्ला खान भेटले. हैदराबादेतल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. तरुण माणूस! मुसलमान! त्यांनी लिहिलं की हैदराबादने भारतात सामील व्हावं, रझाकारांचा मार्ग चुकीचा आहे. ऑगस्ट १९४८ मध्ये, रात्री कार्यालयातून घरी परतताना, त्यांना वाटेत गाठून मारलं. रझाकारांनी मारलं. आपल्याच धर्माच्या माणसाला!

मग माझ्या डोक्यात दिवे लागायला लागले. गांधींना कुणी मारलं? हिंदूने. आमच्या महाराष्ट्राच्याच माणसाने! महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवणारे नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघाले आणि पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. हे दाभोलकर 'साधना' साप्ताहिकाचे संपादक होते, साने गुरुजींनी काढलेलं साप्ताहिक! दीड वर्षाने, फेब्रुवारी २०१५ मध्ये, कोल्हापुरात गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडलं, दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. मी ही नावं एकाखाली एक लिहून काढली, वाणसामानाच्या यादीमागे लिहिली, आणि त्या कागदाकडे बघत बसले. आजवर मला वाटायचं धर्मवेडा माणूस आधी दुसऱ्या धर्मावर चालून जातो. जातोच! पण त्याच्या आधी, किंवा त्याच्या बरोबरीने, तो आपल्याच घरातल्या प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करतो! कारण शत्रू बाहेर असला तर त्याला उपयोगाचा असतो. घरातला प्रश्न विचारणारा मात्र त्याच्या मुळावर येतो!

हे मला नवं होतं. फार नवं होतं.

आता जे सांगणार आहे ते थोडं अवघड आहे, जवळ या. गांधींना मारलं ते पिस्तूल कुठून आलं माहीत आहे? ग्वाल्हेरहून! आपल्या ग्वाल्हेरहून! उज्जैनही त्याच शिंद्यांच्या संस्थानात होतं, आमच्या आजोबांची नोकरी त्याच सरकारात! लहानपणी ग्वाल्हेर म्हटलं की तानसेन, किल्ला, शिंदे महाराज, एवढंच ऐकलं. हे नाही ऐकलं.

आणि मग आजोळ आठवलं. माझ्या आईचं माहेर साताऱ्याकडचं. ३० जानेवारी १९४८ नंतर तिकडे जमावाने ब्राह्मणांची घरं जाळली. आईच्या घरचाही वाडा गेला. ती गोष्ट आमच्या घरात हळू आवाजात सांगितली जायची: गोळी झाडली एकाने, आम्ही काय केलं होतं? आमचे आजोबा तर खादी वापरायचे! आमचा काय दोष? दरवेळी हाच प्रश्न, आणि दरवेळी आजीचे डोळे भरायचे. आणि तो प्रश्न बरोबर होता! शंभर टक्के बरोबर होता! एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या सगळ्या जातीची घरं जाळणं हा अन्यायच!

आणि मी 'शिवरात्र' मांडीवर घेऊन बसले होते आणि मला एकदम दिसलं की तोच प्रश्न आम्ही दुसऱ्या कुणाला विचारू देत नाही! आमच्याच बैठकीत, त्याच खुर्च्यांवर बसून, कुठे स्फोट झाला, कुठे दंगल झाली, की आम्ही म्हणतो, 'सगळे तसलेच!' ज्या वाक्याने आजीचं घर जाळलं तेच वाक्य आमच्या तोंडात! माझे हात गार पडले. हे मला कुठल्या सर्वधर्मसमभावाच्या भाषणाने सांगितलं नाही. भाषणं खूप ऐकली, कानावरून गेली. हे एका नांदेडच्या प्राध्यापकाने, सगळं कडू कडू आधी बोलून घेऊन, कुणाचीही गय न करता दाखवलं, म्हणून आत गेलं.

पण वाचलं की माणूस सुधारतो असं मी म्हणत नाही हं! इथे नीट लक्ष द्या! ७ मार्च २०१७ आठवतं? भोपाळ-उज्जैन पॅसेंजर! आपली गाडी! या गाडीने आपण सगळे कधी ना कधी गेलो आहोत, डबे घेऊन, मुलं घेऊन! शाजापूर जिल्ह्यात जबडी स्टेशनजवळ त्या गाडीत स्फोट झाला, माणसं जखमी झाली. २०२३ मध्ये लखनौच्या न्यायालयाने हा स्फोट घडवणाऱ्या गटातल्या सात जणांना फाशी आणि एकाला जन्मठेप सुनावली. ही तरुण मुलं कशी घडली, तर तीही वाचून, पाहून! इंटरनेटवरचा इस्लामिक स्टेटचा मजकूर वाचून, व्हिडिओ बघून! वाचून माणूस तिकडेही जातो! मला हे फार टोचलं, कारण मी तर पुस्तकांच्या प्रेमात पडले होते.

मग फरक कुठे आहे? माझ्यासारखीला जेवढं कळलं तेवढं सांगते. धर्मवेड्याचं लिखाण वाचून उठलात की तुमच्याकडे शत्रूंची यादी असते. धर्मवेडाबद्दलचं प्रामाणिक लिखाण वाचून उठलात की तुमच्याकडे स्वतःबद्दलचे प्रश्न असतात. मी त्या मापाने आता सगळंच मोजते, मोबाइलवर येणारा मजकूरसुद्धा! वाचून झालं की स्वतःला विचारते, मला आत्ता कुणाचा राग आला? त्या रागाला नाव आहे की एक अख्खी वस्ती आहे? वस्ती असेल तर तो मजकूर पुढे पाठवत नाही. भावजींना हे आवडलेलं नाही.

आणि त्या ७ मार्चचीच दुसरी गोष्ट! त्या गटातला एक मुलगा त्या रात्री लखनौला चकमकीत मारला गेला, आणि त्याच्या बापाने प्रेत ताब्यात घ्यायला नकार दिला. देशाशी गद्दारी करणारा माझा मुलगा नाही म्हणाला. संसदेत गृहमंत्र्यांनी त्या बापाचा उल्लेख केला. मी तेव्हा ही बातमी वाचली होती आणि विसरलेही होते! स्फोट लक्षात राहिला, बाप विसरले! आता दोन्ही एकत्र आठवतात.

बरं, आता आपल्या उज्जैनकडेच या! कारण इथे मला जे सापडलं त्याने मी खुर्चीतून उडालेच! गजानन माधव मुक्तिबोध! हिंदीतले एवढे मोठे कवी, शाळेत नाव ऐकलेलं, पण ते मराठी घरातले, उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकलेले, याच गल्ल्यांतून हिंडलेले, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी! एका घरात दोन भाषांचे दोन कवी! आणि मुक्तिबोधांनी शाळेतल्या मुलांसाठी भारताच्या इतिहासाचं एक पुस्तक लिहिलं होतं, 'भारत: इतिहास और संस्कृति', आणि भावना दुखावल्याची ओरड झाली, आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली! शाळेच्या पुस्तकावर! दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६४ मध्ये, ते गेले, आणि त्यांचा पहिला कवितासंग्रह आला तो त्यानंतर. स्वतःचा संग्रह हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं, पण स्वतःच्या पुस्तकावरची बंदी त्यांनी पाहिली.

त्यांची 'अंधेरे में' ही लांबलचक कविता मी वाचली. कविता मला कळतात असा माझा दावा नाही! पण तिच्यात मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक जाते, बँड वाजतोय, आणि कवी बघतो तर त्या मिरवणुकीत शहरातले सगळे प्रतिष्ठित चेहरे, आणि त्यांच्यासोबत चालणारा शहरातला कुख्यात गुंड! दिवसा ओळखीचे, रात्री त्या रांगेत! वाचून मी या टावरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. इथून केवढ्या मिरवणुका जातात! मला मिरवणुका आवडतात, अजूनही आवडतात, ढोल वाजला की माझे पाय थांबतात. महाकालाच्या श्रावणातल्या सवारीला मी लहानपणापासून उभी राहते. पण आता मी घोषणा नीट ऐकते! देवाचं नाव आनंदाने घेतलंय की कुणाला तरी ऐकवायला घेतलंय? आवाज देवळासमोर चढतो की दुसऱ्याच्या दारासमोर? कान देऊन ऐका, लगेच कळतं! अगदी लगेच!

तुम्ही विचाराल, मग श्रद्धा गेली का? नाही! मुळीच नाही! मला सगळे हेच विचारतात! यांनी विचारलं, भावजींनी विचारलं, देवळात भेटणाऱ्या काकूंनी तर काळजीने विचारलं.

उलट ऐका काय झालं ते. आम्ही उज्जैनची मुलं एक गोष्ट ऐकत वाढलो. १२३४-३५ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश आला आणि त्याने महाकालाचं देऊळ पाडलं. आणि मग अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते पुन्हा उभारलं. मराठी घरांत ही गोष्ट छाती फुगवून सांगतात, आणि मीही सांगते! देऊळ पाडलं हे खरं, आणि ते झाकायचं काही कारण नाही. कुरुंदकरांकडून मी हेच शिकले, झाकायचं नाही! पण या दोन टोकांच्या मधली पाचशे वर्षं? तिथे काय होतं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि आम्ही विचारलंही नाही!

आणि मग मला ती सनद भेटली! इतिहासाचे अभ्यासक बी. एन. पांडे यांनी तिच्याबद्दल लिहिलंय. १६५१ च्या सुमाराची, शहाजहानचा मुलगा मुरादबक्ष याच्या नावची, आणि आदेश कसला? महाकालाच्या नंदादीपासाठी रोज चार शेर तूप द्यावं! चार शेर! मोगल शहाजाद्याच्या हुकमाने! महाकालाच्या दिव्याला! मी ओरडलेच घरात! याचा अर्थ मोगल फार उदार होते आणि सगळं गोड होतं असा मी मुळीच काढत नाही, त्याच घराण्याने देवळं पाडलीही. पण ज्या हातांनी पाडलं आणि ज्या हातांनी तूप दिलं ते सगळे हात मला एकाच गठ्ठ्यात बांधता येत नाहीत आता. १२३४ चा हिशोब मी आमचे कपडे शिवणाऱ्या चाचांकडे मागू शकत नाही. त्यांचा इल्तुतमिशशी तेवढाच संबंध जेवढा आजीचा त्या पिस्तुलाशी!

आणि महाकालाबद्दल म्हणाल तर मी परवाच गेले होते. रांगेत उभी राहिले, दर्शन झालं, आणि मला नेहमीपेक्षा मोकळं वाटलं! आधी देवळात जाताना माझ्या भक्तीत कुठेतरी एक भीती असायची, आपलं काहीतरी कुणीतरी हिरावून नेणार आहे, राखलं पाहिजे, लढलं पाहिजे. ती भीती मला देवाने दिलेली नव्हती. ती बाहेरून आलेली होती, थोडी बातम्यांतून, थोडी बैठकीतल्या गप्पांतून. ती गळून गेली आणि जे उरलं ते शुद्ध होतं. शिवपिंडीवर पाणी घातलं आणि मी कुणाच्याही विरुद्ध काहीही मागितलं नाही. माझ्या भक्तीतला हा फरक दलवाईंनी केला, ज्यांनी आपल्यावर कुठलेही धार्मिक अंत्यसंस्कार करू नका असं सांगून ठेवलं होतं! एका न मानणाऱ्या माणसाने माझी श्रद्धा स्वच्छ करून दिली! हे तुम्हाला कसं वाटतं ते सांगा, मला तर अजून नवल सरत नाही!

भावजींशी वाद चालूच आहे. ते म्हणतात, वहिनी, तुम्ही बदललात. मी म्हणते, तुम्हीच तर पुस्तक दिलंत! मागच्या रविवारी ते चिडून म्हणाले, "ठीक आहे, दुसरा अर्धा भाग वाचतो," आणि पुस्तक घेऊन गेले. अजून परत आलेलं नाही. मला फार आनंद झालाय!

आता तुमची पाळी! दलवाई घ्या, कुरुंदकरांचं 'शिवरात्र' घ्या, आणि ज्यांना कथाच आवडते त्यांनी 'इंधन' घ्या. घरात कुणी मुलगी कॉलेजात जात असेल तर तिच्या टेबलावर ठेवा, काही न बोलता ठेवा. आणि 'शिवरात्र' हातात आलं की एक करा: अनुक्रमणिका बघा, आणि ज्या लेखात दुसऱ्यांच्या कट्टरपणाबद्दल लिहिलंय तो आधी उघडू नका. तुमच्या स्वतःच्या माणसांबद्दलचा लेख आधी वाचा. तो संपवा. मग दुसऱ्यांचा वाचा. आणि वाचून झालं की या, मला ऐकायचंय!